मनातल्या मनात दहापर्यंत

"काय नाव तुझं?"

विचारलं मी त्याला. उत्तर दिलं त्याच्या आईने. मग आबांनी तेच नाव आडनावासकट सांगितलं. दाराशी उभ्या आत्याने घरातलं लाडाचं नाव सांगितलं आणि वर "सांग ना रे मॅडमला" असंही म्हटलं. तो मात्र आईच्या पदराचं टोक तोंडात धरून माझ्या मागच्या फळीकडे बघत राहिला. वय दोन वर्षं नऊ महिने. शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातून सकाळच्या एसटीने ही चार माणसं धुळ्याला माझ्याकडे, म्हणजे मुलांच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्या बाईकडे, आली होती आणि तक्रार एका ओळीची होती: पोरगा बोलत नाही.

फळीवर एक पारदर्शक बरणी असते. झाकण घट्ट, आत लाल रंगाचा छोटा ट्रॅक्टर. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना त्या ट्रॅक्टरचं भारी आकर्षण. मी बरणी सतरंजीवर त्याच्यासमोर ठेवली आणि घरच्यांना म्हटलं, आता कुणीच बोलायचं नाही. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. दहा होईपर्यंत त्याच्या वतीने एक अक्षरही काढायचं नाही.

मोठ्या माणसांना दहा आकडे किती जड जातात, हे माझ्या खोलीत रोज दिसतं. तीनवर आत्याची चुळबुळ सुरू झाली. चारवर आईचे ओठ "ट्रॅ" म्हणायला उघडले. आबांनी हाताने तिला थांबवलं. पाचवर पोराने बरणी हलवून पाहिली, झाकणाला नखं लावली. सातवर त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि बरणी माझ्या मांडीवर आदळत म्हणाला, "ताढ."

काढ.

"पोऱ्या बोलना!" आबा जवळजवळ उठूनच उभे राहिले.

घरच्यांच्या लक्षात तो शब्द राहिला. माझ्या वहीत मी त्या शब्दाच्या आधीचं लिहून घेतलं: बरणी, मी, पुन्हा बरणी. मला काहीतरी हवंय, ते समोरच्या माणसाकडून मिळू शकतं आणि त्यासाठी त्या माणसाला गाठायला हवं, हे त्या नजरेत होतं. भाषा तिथे सुरू होते. जिभेचं काम त्यानंतरचं. 'क'च्या जागी 'त' येणं या वयात मला फारसं काळजीचं वाटत नाही. कितीतरी मराठी मुलं आधी काकाला 'ताता' आणि खाऊला 'ताऊ' म्हणतात, कारण जिभेचा शेंडा दातांपाशी नेणं तिचा मागचा भाग टाळूला टेकवण्यापेक्षा सोपं. ज्या मुलाकडे शब्द नाहीत, पण ती नजर आणि ते बोट आहे, त्याच्याबद्दल माझ्या मनात आशा मोठी असते. दीड वर्षाचं मूल बोटाने काही दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर मात्र मी त्या घरच्यांना परतीची एसटी पकडण्याआधी कान तपासायला पाठवते.

त्या दिवशी आबांनी एक वाक्य म्हटलं, जे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. "आम्ही थांबलो होतो मॅडम. ह्याचा बाप चौथ्या वर्षी बोलला."

या थांबण्याविषयी मला लिहायचं आहे. कारण आपल्याकडे मूल बोलावं म्हणून जिथे थांबायचं तिथे कुणी थांबत नाही, आणि जिथे अजिबात थांबू नये तिथे वर्षानुवर्षं थांबतात.

*

साडेचार वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. हसरी, चुणचुणीत, खुणा करून सगळं सांगणारी. घरचे म्हणत होते, ऐकू येतं तिला, दार आपटलं की वळते. दार आपटलं की वळणं आणि 'स', 'श', 'फ' यांतला फरक ऐकू येणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठा दणका थोडं ऐकणाऱ्या कानालाही कळतो. बोली मात्र बारीक आवाजांची बनलेली असते. तिची तपासणी झाली तेव्हा कळलं की दोन्ही कानांनी तिला आपलं बोलणं जवळपास पोचतच नव्हतं. साडेचार वर्षं ती ओठांच्या हालचाली, चेहरे आणि हातवारे यांच्यावर जगली होती, आणि इतकं छान जगली होती की कुणाला शंकाच आली नाही.

तिच्या आईने मला विचारलं, "आता?" त्या एका शब्दाला द्यायला माझ्याकडे पुष्कळ होतं: श्रवणयंत्र, थेरपी, खुणांची भाषा, चित्रं, धीर. पण गेलेली चार वर्षं माझ्याकडे नव्हती. पहिल्या काही वर्षांत मेंदू आवाजासाठी जितका मोकळा असतो, तितका पुढे राहत नाही.

बाळाच्या कानाची प्राथमिक तपासणी पहिल्या महिन्यात, शंका असेल तर पक्कं निदान तिसऱ्या महिन्याच्या आत आणि मदत सहाव्या महिन्याच्या आत, असा जगभर मानला जाणारा नेम आहे. तपासणीला बाळाने उत्तर द्यावं लागत नाही. एका चाचणीत कानात मऊ बोंडूक ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला कान ठीक असेल तर तो अगदी सूक्ष्म असा आवाज परत पाठवतो आणि यंत्र तो पकडतं. दुसरी म्हणजे 'बेरा'. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवतात आणि आवाज नसेतून मेंदूकडे जातो का ते पाहतात. दुखत नाही, टोचत नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायची असते आणि उशिरा बोलणं, कमी ऐकणं हे त्यात धरलेलं आहे. म्हणजे विचारायला जागा आहे. अंगणवाडीच्या ताईंना नुसतं म्हणायचं, "ताई, ह्याचं बोलणं जरा बघा."

कधी म्हणायचं? वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द यावा. दोन वर्षांचं मूल 'आई दे', 'बाबा भुर्र' असे दोन शब्द जोडू लागतं. तिसऱ्या वर्षी बाहेरच्या माणसालाही त्याचं बरंचसं बोलणं कळावं. यात महिना-दोन महिने इकडेतिकडे होतात आणि उशिरा बोलणारी काही मुलं आपणहून गाडी पकडतातही. आबांच्या मुलाने पकडली. पण कोणतं पकडेल आणि कोणतं मागे राहील, हे आधीच ठामपणे कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून थांबायचं नाही.

लोक हातावर हात धरून बसलेले असतात असंही नाही. मध-वेखंड चाटवतात, देवळातल्या घंटेत पाणी घालून पाजतात, जिभेखालची दोरी कापून आणतात. या आयांना मी कधी रागावत नाही. हा सगळा धडपडीचाच भाग आहे. एवढंच सांगते की वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, आणि जिभेची दोरी थोडी आखूड असली म्हणून मूल मुकं राहत नाही. माझ्याच क्षेत्रात मेणबत्ती विझवणं, शिट्टी फुंकणं, फुगे फुगवणं असे व्यायाम वर्षानुवर्षं दिले गेले. मीही दिले. फुंकर घालून फुंकर चांगली होते, 'क' चांगला होत नाही. 'क' हवा असेल तर 'काढ', 'काका', 'कप' असे खरे शब्द, खऱ्या गरजेला, पुन्हा पुन्हा तोंडी यावे लागतात. माझ्या कपाटातल्या शिट्ट्या आता नुसत्या खेळायला आहेत.

*

मी मूळची नाशिकची. शिक्षण मुंबईला, बांद्र्याच्या अली यावर जंग वाक्-श्रवण संस्थेत. धुळ्यात आले तेव्हा पहिल्याच वर्षी एका शाळेने पाच वर्षांची एक मुलगी पाठवली होती. सोबत चिठ्ठी: 'ळ' म्हणता येत नाही, उच्चारदोष आहे. आणि खरंच, ती डोळ्याला 'डोया' म्हणायची, शाळेला 'शाया', काळ्याला 'काया'. मी आरसा काढला. जीभ मागे कशी वळवायची, कुठे टेकवायची, सगळं दाखवलं. चार आठवडे आम्ही आरशासमोर बसलो. मुलगी गुणी होती, सांगितलं ते करायची. पण दर आठवड्याला थोडी अधिक गप्प होऊन यायची.

पाचव्या आठवड्यात तिची आजी सोबत आली. मुलीच्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं. आजीने तिला जवळ ओढलं, पदराचा बोळा करून त्यावर फुंकर मारली आणि म्हणाली, "डोया उघड, डोया."

मला तिथल्या तिथे कळलं. खानदेशातल्या कितीतरी घरांत 'ळ' असतोच कुठे? अहिराणीत केळं 'केय' होतं, शाळा 'शाया' होते. ती मुलगी जे ऐकत वाढली ते बिनचूक बोलत होती. तिच्या जिभेत काही दोष नव्हता. माझ्या कानांनी घाई केली होती. तिची मी चार आठवडे क्षमा मागू शकले असते, पण पाच वर्षांच्या मुलीला क्षमा नको असते. मी आरसा ठेवून दिला आणि तिला म्हटलं, आजी म्हणते ते डोया, पुस्तकात लिहितात तो डोळा. दोन्ही तुझेच. ती पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली. गायीबद्दल बोलली, आणि गाईच्या डोयांबद्दल.

वाचायला शिकताना त्या मुलीला 'ळ' लागणारच होता. पण जो आवाज घरात नाही तो नवीन म्हणून, मजेने शिकवायचा असतो. तुझ्या आईचं तोंड चुकीचं आहे असं सांगून नाही. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी घेऊन पहिलीत बसणाऱ्या किती लेकरांना पहिल्याच महिन्यात गप्प केलं जात असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. गप्प मूल वाचायला शिकत नाही. वाचन हे बोलण्याच्याच अंगणात उगवतं.

याच्याच जोडीचा सल्ला म्हणजे "घरी इंग्रजीत बोला". एका रिक्षा चालवणाऱ्या बापाला कुणीतरी असं सांगितलं होतं. त्याने मनापासून पाळलं. त्याच्याकडची इंग्रजी म्हणजे 'कम', 'सिट', 'ईट' आणि 'नो'. आधी तो पोराला रोज रात्री आपल्या लहानपणची विहीर, त्यात पडलेलं रेडकू, ते कसं काढलं, हे सगळं सांगायचा. ते बंद झालं, आणि घरात उरले चार हुकूम. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. शब्द तुटपुंजे झाले की बोलणंही तुटपुंजं होतं. मी त्या बापाला एवढंच म्हटलं, आज रात्री ते रेडकू पुन्हा विहिरीत पडू द्या.

*

अक्षरांकडे येते, कारण माझं काम बोलण्यापाशी संपतं असं बऱ्याच जणांना वाटतं.

दुसरीतला एक मुलगा होता. लहानपणी उशिरा बोलला, मग बोलू लागला, घरचे ते विसरून गेले. आता वाचन अडलं होतं. उशिरा बोलणारं प्रत्येक मूल वाचनात अडखळतं असं नाही, पण अडखळण्याचा धोका त्यांना जास्त असतो, म्हणून मी अशा मुलांच्या आयांना शाळेत घातल्यावरही एकदा भेटून जा असं सांगते. या मुलाला बाराखडी तोंडपाठ होती. सुरात म्हणायचा, कुठे चुकायचा नाही. पुस्तक उघडलं की गप्प.

मी विचारलं, "कमळातून 'क' काढून घेतला तर काय उरेल?"

त्याने नीट विचार केला आणि म्हणाला, "चिखल."

मी ते उत्तर वहीत लिहून ठेवलं आहे. किती खरं उत्तर! त्याच्या डोळ्यांसमोर तळं होतं. शब्द म्हणजे वस्तू. शब्द म्हणजे तुकडे पाडता येतील असे आवाज, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. ती पोचल्याशिवाय बाराखडी हे नुसतं गाणं असतं.

आम्ही टाळ्या वाजवू लागलो. 'कमळ'ला तो दोन टाळ्या वाजवायचा: क, मळ. वर्गात त्याला यावरून बोलणी बसली होती, कारण अक्षरं तीन. पण बोलून पाहा, तोंडात खरंच दोनच ठोके पडतात. शेवटच्या 'ळ'मधला 'अ' आपण उच्चारतच नाही. पोराचा कान बरोबर होता. आपली लिपी मोठी गुणी आहे, पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर तिच्यात अशा खोडी आहेत. 'दिवा'मध्ये 'इ' ऐकू येते 'द'नंतर आणि पहिली वेलांटी काढायची 'द'च्या आधी. 'माझा' आणि 'माझी' यांतला 'झ' लिहायला एकच, बोलायला दोन. मोठ्यांना हे दिसेनासं झालेलं असतं. ज्याला आवाजच नीट वेगळे करता येत नाहीत, त्याला हे एकदम समोर आल्यावर काय वाटत असेल!

त्याचं कोडं सोडवलं त्याच्या थोरल्या बहिणीने. ती बाहेर बाकावर बसलेली असायची. एकदा पाण्याची बाटली मागताना दारातून ओरडली, "चलाम चणीपा चदे!" 'च'ची भाषा. पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी ठेवायचं, त्याच्या जागी 'च' बसवायचा. मला पाणी दे. शाळेच्या मधल्या सुट्टीत आपण सगळ्यांनी ही भाषा बोललेली आहे, आणि मी इतकी वर्षं बाहेरून आणलेली कार्डं मांडून मुलांना आवाज मोडायला-जोडायला शिकवत होते! ते सगळं शिक्षण या एका खेळात आहे. भेंड्यांमध्येही तेच, शेवटचं अक्षर पकडून पुढचं गाणं सुरू करायचं. त्या दिवसापासून बहिणीला मी आत बसवलं. तीन महिने दर शनिवारी आम्ही तिघं 'च'च्या भाषेत बोललो. सुरुवातीला भावाला एक शब्द बनवायला मिनिट लागायचं आणि आम्ही दोघी मिनिटभर गप्प बसायचो. एके दिवशी तो आल्या आल्या म्हणाला, "चमळक." मी विचारलं, आता त्यातून 'च' काढ, 'क' काढ. "मळ," म्हणाला, आणि स्वतःच हसत सुटला. मग पाटीवर 'मळ' लिहून त्याच्या आधी 'क' ठेवला.

*

गेल्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या ताईंसमोर बोलायचं होतं. मी तारखांनी सुरुवात केली नाही, पण मनात त्या होत्याच: १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली, मुलं येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. खडे, पानं, बिया, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य. माझ्या बरणीतला ट्रॅक्टर त्याच वाटेवरचा आहे असं मी मानते.

ताईंना मी चिऊकाऊची गोष्ट सांगायला लावली. मग विचारलं, या गोष्टीत चिऊ काय करते? थांबवते. काऊ दार वाजवतो, चिऊ म्हणते थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. पुन्हा दार, पुन्हा थांब. तेच वाक्य परत येतं, फक्त काम बदलतं: अंघोळ, पावडर, काजळ. तिसऱ्या वेळी तुम्ही "थांब, माझ्या बाळाला..." म्हणून गप्प बसलात तर मूल पुढचं आपणहून भरतं. बोलायची जागा त्याला आयती सापडते. पण त्यासाठी आपण गप्प बसायला हवं. मोबाईलमधली चिऊ गप्प बसत नाही. ती मुलाचं ऐकायच्या आत पुढच्या गोष्टीवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको असं सांगितलं आहे. आयांना मी तासांचा हिशोब फारसा सांगत नाही. भाकरी थापताना त्याला जवळ बसवा, असं सांगते. पीठ मळलं, गोळा केला, थापली, टाकली, फुगली. तो "भाकर" म्हणाला तर तुम्ही "गरम भाकर" म्हणा, आणि थांबा.

*

आबा दर गुरुवारी नातवाला घेऊन येत राहिले. खरिपाच्या ऐन कामांतही दोनच खाडे झाले. पहिले काही गुरुवार नातू काय करतो यापेक्षा मी आबांच्या हाताकडेच पाहत असायची. पोराला काही विचारलं की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागायचा. तीन, चार, पाच. माल मोजायची सवय असलेला तो हात. पुढे पुढे अंगठा दोन-तीन पेरांतच थांबू लागला, कारण उत्तर तेवढ्यात यायचं.

परवा संध्याकाळी मी बसस्थानकावर कुणाला तरी सोडायला गेले होते. फलाटावर ती दोघं दिसली. शाळा सुटलेली, गर्दी, कर्णा ओरडत होता. पोराने आबांचं धोतर धरलं होतं. त्याने मान वर करून विचारलं, "आबा, बस तोठे शे?"

'क' अजून आलेला नाही. आबांना त्या गलक्यात ऐकूच गेलं नाही; ते लांब येणाऱ्या गाडीची पाटी वाचत होते. मला वाटलं आता हा रडेल, नाहीतर धोतर ओढेल. तो तसाच आबांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग त्याने पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्याने.